उशाशी कुणीतरी

"वजनाच्या बारखाली एकटीनं जाऊ नये. उशाशी कुणीतरी असावं," असं शिंत्रे मॅडमनी केतकीला कॉलेजच्या व्यायामशाळेत बजावलेलं. केतकी तेव्हा हसलेली. उशाशी म्हणे, मी काय आजारी आहे?

आता तिला सात महिन्यांची मुलगी आहे. नवरा कामावर गेला आणि शर्वी झोपली, की ती हॉलमध्ये एकटीच बेंच प्रेस मारते. मंगळवारी बार छातीवरच अडकला. आत शर्वी रडत होती. कशीबशी कुशीवर वळून ती सुटली. हे तिनं अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आज दुपारी लेकीला पाजतापाजता तिचा डोळा लागतो. पंख्याची घरघर लांब लांब जाते, आणि डोक्याशी शिंत्रे मॅडम उभ्या असतात. गळ्यात शिट्टी, साडीखाली कॅनव्हासचे बूट. जानेवारीत गेलेल्या बाई इथं कशा, याचं केतकीला नवल वाटत नाही.

"अजून खांद्यानंच मारतेस," मॅडम म्हणतात.

"खांदाच दुखतो, मॅडम. छातीला काही लागतच नाही."

"लागेल कसं? लहानपणी 'छाती काढून चालू नको' म्हणून वाकलीस, आता पोरीला पाजून वाकलीस. पड बघू उताणी."

गादीचा बेंच झालाय. बेंच कॉलेजच्या वाचनालयात आहे. बारवर शर्वीची झबली वाळताहेत आणि पोरं मान वर न करता वाचताहेत. मॅडम खडू लागलेली दोन बोटं तिच्या पाठीखाली सारतात.

"खांद्यांच्या फऱ्यांच्या चिमटीत धर ही बोटं. सोडायची नाहीत. पाय रोव. कोपरं कोंबडीच्या पंखांसारखी फाकवू नकोस, जरा अंगाशी घे. आता सावकाश, छातीच्या खालच्या भागावर."

केतकी बार उतरवते. दाराच्या दोन्ही फळ्या उघडाव्यात तशी छाती रुंदावते. वर लोटताना खांदा हूं की चूं करत नाही.

"आत्ता कसं!"

काय बाई होती ही! गावानं 'पैलवानीण' म्हणून चिडवलं, तर हिनं तेच दारावरच्या पाटीवर रंगवून घेतलं. ती पाटी आता समोर आहे. खाली कडीला दुधाच्या तीन पिशव्या, तीन दिवस कुणी आत न घेतलेल्या.

"मॅडम, तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या उशाशी कुणी नव्हतं."

"येऊन जा म्हटलं होतं की तुला."

"शर्वी लहान, म्हणून..."

"अगं, टोमणा नाही मारत. मंगळवारी तुझ्या उशाशी कोण होतं, ते सांग."

केतकी बारवरची झबली सारखी करत राहते.

"मी किती दिवस उभी राहू? पाय दुखतात माझे."

शर्वी कुरकुरते आणि केतकी जागी होते. गाऊन बदलताना तिला दिसतं, निळ्या कापडावर पाठीत, बरोबर फऱ्यांच्या मध्ये, दोन बोटांचे पांढरे ठसे. घरात खडू नाही. डॉक्टरांनी नको म्हटल्यापासून पावडरही नाही.

ती शेजारच्या रेखाकाकूंना फोन लावते. "काकू, उद्यापासून दुपारी दहा मिनिटं माझ्या उशाशी उभ्या राहाल?"

"अगं बाई! बरं नाही का तुला?"

"बरी आहे हो. म्हणूनच."

तुम्हालाही कुणा जुन्या बाईंनी 'येऊन जा कधी' म्हटलं असेल, तर केतकीचं सांगणं आहे, आजच जा. कडीला कालची दुधाची पिशवी तशीच दिसली, तर माघारी वळू नका. दार वाजवा.