सटवाचा शेवटचा बार

मानसानं सोताच्या हातानं सोताचं तोंड कसं काळं करावं, हे मला इचारा. चहा घ्या, सांगतो. हासा खुशाल, पन जरा हळू. गोष्ट तशी रडायचीच हाय.

आमच्या पोखर्णीच्या फाट्यावरच्या हाटेलात बंदूकवाले दोनच. एक मी, दगडू. दुसरा माजा सोबती सटवा, मेंढरवाला. दोघांच्याबी बारा बोरच्या, पिकाच्या राखनीसाठी परवाना काढलेल्या. रानडुकरं आली की आभाळाकडं बार काढायचा, बस. पन हाटेलात? हाटेलात आमी रोज वाघ मारायचो!

"दगड्या, तुज्या बंदुकीला नळ्या दोन, आन् एकबी धड न्हाई!"

"आन् तुजी सरकारी कारखान्याची. जेवायच्या सुट्टीत उडत न्हाई म्हनं!"

त्याला काडतुसात बारीक छर्रा पसंत, मला जाडा. त्याच्यावरून चहा गार व्हायचा. मंग काडतुसाच्या कंपन्यांवर यायचो.

"माज्या कंपनीला फोन लावला तर बाई आदी नमस्कार म्हनती," सटवा छाती फुगवून सांगायचा.

माज्या कंपनीची बाई? 'लाईनवर ऱ्हावा' म्हनती, गानं लावती आन् जाती ती जातीच! ते गानं मला पाठ झालंय बगा.

आसं लय वर्सं चाललं. मंग सटवाची नजर गेली. काचबिंदू. मेंढरं इकली. पोरगा म्हनला, बंदूक ठान्यात जमा करा आन् पुन्याला चला. सटवा हाटेलात यायचा, चहात बोट बुडवून बसायचा. एकदा म्हनला, "दगड्या, जमा करायच्या आदी एक बार काढायचाय. शेवटचा."

आता मी गप बसावं का न्हाई? पन माजी खोड! वाटलं, गड्याला जरा हासवावं. त्याच्या घरी गेलो, खुटीवरच्या पट्ट्यातलं एक काडतूस हळूच काढलं, आतला छर्रा काढून टाकला आन् ज्वारीच्या लाह्या भरल्या! तोंडाला मेन लावलं, परत ठिवलं. कुनाला मालूम न्हाई.

दिवस बुडायला सटवाच्या भुईमुगात डुकरं घुसली. निम्मी वाडी बांधावर गोळा झाली. सटवाची बायको पारूबाई म्हनली, "अवो, दिसत न्हाई तर कसं मारनार?"

"आभाळाला मारायचंय. आभाळ काय ल्हान हाय व्हय चुकायला!"

आन् पट्ट्यातनं त्यानं नेमकं तेच काडतूस काढलं. तळहातावर घेतलं, मान खाली घातली. मला वाटलं, रडायलाय.

"दगड्या, तू माजा जुना सोबती. ह्यो बार तू मार."

"म... मी? माजी बंदूक साफ न्हाई!"

"माजी घे की."

समदी बगायलेली. पळावं तर कुठं? घेतली बंदूक, केली वर, दाबला घोडा.

भुस्स!

आभाळातनं लाह्या पडायल्या! माज्या मिशीत लाह्या, पारूबाईच्या पदरावर लाह्या. डुकरं जरा दचकली आन् मंग एक डुकरीन आली, हुंगलं आन् खायला लागली!

"अवो, ह्यांनी तर डुकराला नाष्टा दिला!" पारूबाई वरडली.

सटवा हासला न्हाई. बंडीतनं फोन काढला, कानाला लावला. "हां मॅडम, नमस्कार. तुमच्या काडतुसात लाह्या निघाल्या की. काय म्हनता? कुनीतरी फोडून भरल्या? गुन्हा हाय? पोलिस घिऊन येता? या या, हितंच हावोत समदे."

मी त्याचे पायच धरले. "सटवा, मीच! मीच भरल्या रे! ठिव फोन!"

त्यानं फोन माज्या हातात दिला. काळाकुट्ट पडदा.

"सकाळपसून चार्जिंग न्हाई त्याला," सटवा म्हनला. "डोळे गेले रे, हात न्हाई गेले. छर्रा कुठला आन् लाह्या कुठल्या, वजन कळंना व्हय मला?"

मंग त्यानं दुसरं काडतूस घातलं आन् आभाळाकडं बार काढला. ठो! बाभळीवरचे बगळे उडाले, डुकरं पांगली. सटवा धोतराच्या सोग्यानं नळी पुसत बसला. लय येळ पुसली.

दुसऱ्या दिवशी बंदूक ठान्यात दिली. यष्टीत चढताना त्यानं माज्या हातात गुपचूप एक काडतूस ठिवलं. "पट्ट्यातलं शेवटचं. आठवन म्हनून ठिव." कायद्यात बसतंय का, इचारू नका. मी ते छातीशी धरून फाट्यावर रडलो.

हाटेलात आता एकटाच बसतो. कंपनीला शिव्या द्यायच्या तर आयकनार कोन?

परवा डुकरं माज्या हरभऱ्यात घुसली. म्हनलं, सटवाच्या नावानं बार काढू. काढला.

भुस्स!

आभाळातनं मेंढीच्या लेंड्या पडल्या! माज्याच टोपीवर!

तिथनंच पुन्याला फोन लावला.

"नमस्कार, कस्टमर केरमधनं सटवाजी बोलायलोय. काय तक्रार हाय?"

"आरं बेइमाना, लेंड्या भरल्यास!"

"डुकरं पळाली का?"

"पळाली."

"मंग माल चांगलाय की!"

हासलो दोघंबी.

"सटवा, वापस कवा येतूस रे?"

सटवा तिकडं खाकरला. मंग म्हनला, "लाईनवर ऱ्हावा," आन् मेंढरांमागं म्हनायचा ते गानं म्हनायला लागला.

आन् मी येडा, टोपीवर लेंड्या घिऊन, हरभऱ्यात फोन कानाला लावून हुबा. लाईनवर.