खर्जाच्या रांगेतले मामा

जगात कुठेही चार माणसं एकत्र येऊन काही गात-वाजवत असतील, तर पाचवे तिथे माझ्या बायकोचे मामा असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तुम्हीआम्ही गाणं कानावर आलं की फार तर घटकाभर थांबतो. मामा चपला काढून आत जाऊन बसतात. शारजाला आमच्या इमारतीखालच्या सलूनमध्ये एकदा शेजारच्या खुर्चीतला पेशावरचा टॅक्सीवाला दाढी करून घेता घेता काहीतरी गुणगुणत होता. मामांनी अर्ध्या कापलेल्या डोक्यानिशी खुर्चीच्या हातावर असा काही ठेका धरला, की दोघंही न्हावी हत्यारं खाली ठेवून ऐकत बसले. मामा अर्धं डोकं तसंच घेऊन घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "काय गळा आहे हो त्या माणसाचा!" उरलेले केस दुसऱ्या दिवशी कापले.

मामांचं बहुतेक आयुष्य इथल्याच वाळवंटातल्या रुवैसला गेलं. तिथल्या एका कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते. अजस्र यंत्रांच्या घरघरीवर मात करून "हेल्मेट घाला रे" असं तीसेक वर्षं ओरडल्यामुळे त्यांच्या आवाजाला एकच पट्टी उरली होती, ती म्हणजे पलीकडच्या टाकीवर चढलेल्या माणसाला ऐकू जाईल अशी. आमच्याकडे जेवताना ते "जरा मीठ द्या" म्हणाले, की शेजारचे मल्याळी गृहस्थ दार वाजवून "एव्हरीथिंग ओके?" असं विचारून जात. या आवाजात मामा मनापासून गात. पण गायचे कुठे, तर वाळवंटातल्या रस्त्यावर, बंद गाडीत, एकटे. सांगलीत त्यांच्या गल्लीतल्या मंडळाच्या कार्यक्रमात दरवर्षी त्यांचं नाव घालत आणि दरवर्षी ऐन वेळी रजा नामंजूर होई. मामी सांगलीतच राहिल्या, मुलं तिथेच वाढली, आणि मामांचं गाणं त्या सगळ्यांनी ऐकलं ते फोनवर, तेही फोन कानापासून हातभर लांब धरून. स्टेजवर उभं राहून चार लोकांसमोर एकदा गायचं, एवढी एकच इच्छा या माणसाने कधी लपवली नाही आणि ती तोवर कधी पुरीही झाली नव्हती. शेवटची दोन वर्षं त्यांनी दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका छोट्या कंत्राटदार कंपनीत टेबलावरचं काम धरलं, आमच्या खालच्या मजल्यावर बिऱ्हाड केलं, आणि आमचं घर एकदम भरल्यासारखं झालं.

माझी मुलगी सई क्लॅरिनेट वाजवते. तिने त्या वर्षी जवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. तिथल्या गानवृंदात आणि वाद्यवृंदांत विद्यार्थ्यांबरोबर बाहेरच्या लोकांनाही घेतात, ही गोष्ट मी मामांपासून शिताफीने लपवून ठेवली होती. पण प्रवेशाच्या दिवशी गाडी त्यांचीच होती. "मी आपला गाडीतच बसतो, तुम्ही या उरकून," असं म्हणाले होते. आम्ही बाहेर येतो तो हे गृहस्थ दारात उभे, हातात चार फॉर्म, चेहऱ्यावर दिवाळी.

"जावईबापू, वयाची अट नाही! परीक्षा नाही! वर चहासुद्धा देतात! मी चारही ठिकाणी नाव दिलंय."

"मामाआजोबा," सई कळवळून म्हणाली, "यू कान्ट जॉइन एव्हरीथिंग!"

"का? चारही वेगवेगळ्या दिवशी आहेत. मी बघून घेतलंय."

पुढचे दोन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. ऑफिसातून सुटले की मामा आधी आमच्याकडे येत, उभ्याउभ्याच चहा पीत आणि "यल्ला, यल्ला, उशीर होतोय" करत सईला अक्षरशः ओढून नेत. पोरगी कॉलेजला जाते आहे की आजोबांना शाळेत सोडते आहे, हेच कळत नसे. तालवाद्यांच्या वृंदात ते तबला घेऊन गेले आणि पहिल्या दिवशी तो हातोडीने ठोकून सुरात लावता लावता तालमीची वेळ संपली. तंतुवाद्यांच्या वृंदात जायचं तर निदान एखादं तंतुवाद्य जवळ हवं, हे त्यांना तिथे पोचल्यावर समजलं. बँडमध्ये त्यांच्या हाती लोखंडी त्रिकोण दिला. एका लांबलचक तुकड्यात तो एकदाच वाजवायचा होता, अगदी शेवटी. मामा म्हणाले, "एवढी माणसं घाम गाळतायत आणि मी हात बांधून उभा राहू? पटत नाही मनाला." म्हणून त्यांनी पहिल्या मात्रेपासून प्रत्येक मात्रेवर तो वाजवला. ते दमले नाहीत, बँड दमला. अशा रीतीने तीन ठिकाणांहून अतिशय प्रेमाने निरोप मिळाल्यावर मामांकडे एकच जागा उरली, ती गानवृंदातली.

गानवृंदाच्या बाई जॉर्जिया नावाच्या देशातल्या. चणीने एवढ्याशा, केस पांढरे, बोलणं मोजकं. पण त्यांनी बोट वर केलं की चाळीस माणसं श्वास घ्यायची थांबत. पहिल्या दिवशी मामांनी त्यांना विचारलं, "मॅडम, असेंब्ली पॉइंट किधर है?" आग लागली तर गायकांनी कुठे जमायचं हे ठरल्याशिवाय मामांच्या तोंडून सा फुटेना. त्यांनी सगळी डोकी मोजून घेतली. मध्यंतरी एक फिलिपिनो बाई हळूच स्वच्छतागृहात गेल्या, तर मामांनी गाणं थांबवलं आणि हात वर करून गर्जना केली, "वन पर्सन मिसिंग!" त्या बिचाऱ्या परत आल्या तेव्हा सगळा वृंद उभा राहून त्यांची वाट पाहत होता. मग पट्टीचा प्रश्न निघाला. मामांची काळी दोन. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्या पट्टीत तोंड उघडलं नव्हतं. बाईंनी त्यांना खर्जातल्या पुरुषांच्या रांगेत, सगळ्यांत मागे उभं केलं आणि सूर दिला तो भलताच. मामांनी मोठ्या मनाने तो स्वीकारला. लॅटिनमधलं गाणं वहीत देवनागरीत उतरवून घेतलं आणि मला म्हणाले, "अहो, आपल्या स्तोत्रांसारखंच आहे. अर्थ कळत नाही, पण म्हटल्यावर बरं वाटतं."

वर्षाच्या अखेरीस कॉलेजचा मोठा कार्यक्रम असे, गानवृंद आणि वाद्यवृंद मिळून. मामांचा नोकरीचा करार त्याच सुमाराला संपत होता. त्यानंतर व्हिसा नाही, म्हणजे कार्यक्रम झाला की तीन आठवड्यांत कायमचं सांगलीला. हा पहिला कार्यक्रम आणि हाच शेवटचा. मामींचं विमानाचं तिकीट काढून झालं. "एवढ्या वर्षांत तिने मला गाताना पाहिलेलं नाही हो," असं मामा येताजाता सांगत. आमच्या लिफ्टमधल्या अनोळखी माणसांनाही सांगत.

आणि मग दोन्ही वृंदांची पहिली एकत्र तालीम झाली. मीही ऐकायला गेलो होतो. सईला एकटीने क्लॅरिनेटवर एक लांब, संथ जागा वाजवायची होती. सगळे स्तब्ध. पोरीने अशी काही जागा घेतली, की माझ्यासारख्या दगडाच्याही अंगावर काटा आला. त्याच क्षणी खर्जाच्या रांगेतून, तीस वर्षं यंत्रांशी झुंजलेल्या त्या आवाजात, "क्या बात है! जियो!" अशी दाद आली. व्हायोलिनवाल्या मुलीच्या हातून गज पडला. क्लॅरिनेट बंद. बाईंनी घाबरून विचारलं, "हू इज हर्ट?"

मामांना आपलं काय चुकलं तेच कळेना. चांगलं झालं तर त्याच क्षणी मान डोलवून दाद द्यायची, हे त्यांच्या रक्तातलं. "गाडी निघून गेल्यावर टाटा करायचा का?" असं ते मला तावातावाने विचारत होते. पण बाई जवळ आल्या आणि शांतपणे, एकेक शब्द वेगळा करून म्हणाल्या, की अंकल, वृंदात चाळीस माणसांचा मिळून एक आवाज असतो. तुमचा आवाज मला आणखी एकदा वेगळा ऐकू आला, तर तुम्ही स्टेजवर नसाल. खलास. हा एक शब्द त्यांनी अरबीत म्हटला, म्हणजे मामांना नीट समजावा.

परतताना गाडीत मामा एक अक्षर बोलले नाहीत. मला त्यांची खरोखर काळजी वाटली. सई मागून हळूच म्हणाली, "आय लाइक्ड इट, मामाआजोबा."  पण सेफ्टी ऑफिसर तो शेवटी सेफ्टी ऑफिसर. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं नेहमीप्रमाणे त्यांच्या गाडीतून दुबईला कामावर निघालो, तर गाडीच्या डॅशबोर्डवर एक पिवळं यंत्र. कारखान्यात यंत्रांचा गोंगाट मोजायचं ते मीटर. "पंच्याऐंशीच्या वर गेलं की कानात बूच सक्तीचं," असं म्हणत त्यांनी मला दोन बुचं दिली, माझ्या हातात वही-पेन्सिल दिली आणि शारजाच्या सकाळच्या ट्रॅफिकमध्ये आपला खर्ज लावला. काटा सत्त्याण्णववर गेला. पुढच्या गाडीतल्या माणसाने घाबरून आपला मोबाइल बाजूला ठेवला.

त्या दिवसापासून रोज जाता-येता, गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत असताना, मामा स्वतःच्या आवाजावर सेफ्टी लावत होते. मी आकडे लिहीत होतो. सत्त्याण्णवाचे नव्वद झाले, नव्वदाचे ब्याऐंशी. "बूच काढा कानातलं!" असा त्यांनी त्या दिवशी जल्लोष केला आणि त्या जल्लोषात काटा पुन्हा शंभरावर गेला. हळू गाणं हे मोठ्याने गाण्यापेक्षा किती अवघड असतं, ते मी त्या गाडीत पाहिलं. त्यांच्या मानेच्या शिरा फुगत, कपाळावर घाम येई, हात स्टिअरिंगवर घट्ट आवळलेले असत, आणि एवढ्या खटाटोपानंतर बाहेर पडे तो शेजारी बसलेल्या मला जेमतेम ऐकू येईल असा एक जाडसर, उबदार सूर. महिन्याभराने घरी जेवताना त्यांनी मीठ मागितलं ते कुणाला ऐकूच गेलं नाही. बायको म्हणाली, "मामा, बरं नाही का तुम्हाला?"

कार्यक्रमाच्या दिवशी मामी नारायणपेठ नेसून माझ्या शेजारी बसल्या होत्या. आदल्याच दिवशी आल्या होत्या. मामा मागच्या रांगेत, काळ्या शर्टात, केस चापून बसवलेले. बाईंचं बोट वर गेलं. चाळीस माणसांचा तो एक आवाज असा उठला, की मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. सईची संथ जागा आली. मी मामांकडे बघत होतो. त्यांचे डोळे मिटलेले, मान किंचित डोलत होती, ओठ घट्ट. तोंडातून ब्र नाही. मला त्यांचा एवढा अभिमान वाटला, की लेकीकडे बघायचं राहूनच गेलं.

मामी माझ्याकडे झुकल्या. "अहो, यांचा आवाज काही ऐकू येत नाही. नुसतं उभं केलंय का यांना?"

"गातायत मामी. खरंच गातायत."

"मग मला कसा येत नाही ऐकू?"

 त्या पदराशी चाळा करत, एकाच माणसाच्या तोंडाकडे बघत शेवटपर्यंत बसून राहिल्या. संपल्यावर टाळ्यांच्या गदारोळातून मामा धावत आले, लहान मुलासारखे, धापा टाकत.

"काय गं, आलो का ऐकू?"

मामींनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. खोटं बोलायची त्यांना सवय नाही. "नाही हो," त्या म्हणाल्या, "मी कान देऊन ऐकत होते. पण नाही आला."

"नाही ना? अजिबात नाही?" मामांनी तिथल्या तिथे उडी मारली. "जावईबापू, ऐकलंत? घरच्या माणसालासुद्धा नाही ओळखू आला!" आणि ते तसेच बाईंना ही बातमी द्यायला पळाले. मामी गोंधळून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

तीन आठवड्यांनी आम्ही दोघांना विमानतळावर सोडून आलो. मामांची खालची जागा एका सुदानी कुटुंबाने घेतली. माणसं फार चांगली आहेत, पण शांत आहेत.

सुट्टीनंतर कॉलेज उघडलं. एका संध्याकाळी सईला आणायला मी जरा आधी पोचलो, तर गानवृंदाची तालीम चालू होती. बाई पुन्हा पुन्हा थांबवत होत्या. खर्जाच्या रांगेतल्या माणसांना त्यांनी इकडून तिकडे उभं केलं, पुढे घेतलं, मागे घेतलं. सूर सगळ्यांचा बरोबर होता. मलाही तो बरोबर वाटत होता, पण खाली काहीतरी पोकळ लागत होतं. शेवटी बाईंनी पंधरा मिनिटं सुट्टी दिली आणि दारात मला पाहून माझ्याकडे आल्या. "युवर अंकल," त्यांनी विचारलं, "व्हेअर इज ही?" तेवढ्यात त्यांना कुणीतरी आत बोलावलं.

घरी आल्यावर मी मामांना फोन लावला आणि झालेलं सगळं सांगितलं. ते काय म्हणाले ते मला ऐकूच आलं नाही. मला वाटलं, लाइन गेली.

"मामा?"

"आहे, आहे," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक. "माझ्या जागेवर कुणी उभं केलंय का त्यांनी?"

"नाही अजून."

"मग तुम्ही बाईंना काय सांगितलंत?"

"काहीच नाही. बोलणं अर्धंच राहिलं. काय सांगू?"

 मागे मामी कुणाशी तरी बोलत होत्या, भांड्यांचा आवाज येत होता.

"सांगा," ते म्हणाले, "रजेवर गेलेत म्हणावं."