डोर्कस मामीची मुकी सवत

आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, फ्रीटाउनच्या कोर्टात मी शिपाई होतो. कोर्ट दोन देशांचं. समुद्रावर गुलामांचं जहाज पकडलं की ते आमच्या बंदरात यायचं, आणि एक इंग्रज न्यायाधीश व एक ब्राझीलचे न्यायाधीश मिळून ठरवायचे, हे जहाज खरंच गुलामांचं की नाही. दोघांचं जमलं नाही तर चिठ्ठी टाकायची, असं तहातच लिहिलेलं. चिठ्ठीत ज्या देशाचा पंच निघेल, त्याचं म्हणणं शेवटचं. एवढा मोठा तह, पण चिठ्ठ्या टाकायला डबा कुणी पाठवला नव्हता. त्या माझ्या टोपीत टाकायचे.

दोघे साहेब एकमेकांशी इतक्या अदबीनं वागत की कामच पुढे सरकत नसे. दारातून आधी कुणी आत जायचं यावर "आपण व्हा पुढे", "छे, छे, आपण" असं चाले. शेवटी मी दाराची दुसरी झडपही उघडी ठेवू लागलो. तेव्हापासून दोघे जोडीनं आत येत.

एकाच गोष्टीवर त्यांचं कधी दुमत झालं नाही. डोर्कस मामीचं जेवण. कसाव्याच्या पानांचं कालवण, त्यात सुकी मासळी आणि लालभडक पामतेल. दुपारी मामी डोक्यावर पातेलं घेऊन आली की चाललेली साक्षही थांबायची.

मामी स्वतः अशाच एका जहाजातून सुटून आलेली. घरचं नाव अशाबी. डोर्कस हे पाद्र्यानं ठेवलेलं. इथं तिनं प्रॅट नावाच्या सुताराशी चर्चमध्ये लग्न लावलं, घर बांधलं, पण सुटलेली माणसं किनाऱ्यावर उतरली की ती बंदराच्या फाटकापाशी जाऊन आपल्या गावाचं नाव घेत ओरडायची, "आहे का रे कुणी तिकडचं?" कधीच कुणी निघालं नाही. "गावचं कुत्रं उतरलं तरी त्याला पाटावर बसवून जेवू घालीन," असं म्हणायची. गावची आठवण मात्र ती एकाच माणसाची काढायची, आणि तीही शिव्या देत. पहिल्या नवऱ्याची थोरली बायको, अवेरो. माझ्या बायकोचा भात लागला की मामी म्हणे, "अगदी अवेरोवर गेलीस गं!"

त्या वर्षी एक लहान जहाज पकडून आणलं. वर सात-आठच काळी माणसं. कप्तान छातीवर हात ठेवून म्हणाला, "गुलाम कुठले साहेब? माझी नोकरमाणसं आहेत. ही मारिया. जन्म ब्राझीलचाच, बाहियाचा. आमच्या घरची स्वयंपाकीण."

मारिया उंच, हाडकुळी, खाली मान घालून उभी. दुभाष्यानं तिला चार भाषांत विचारलं. उत्तर नाही.

"मुकी आहे बिचारी," कप्तान म्हणाला.

बाकीच्यांनीही तोंडं शिवलेली. नंतर कळलं, कप्तानानं त्यांना सांगून ठेवलं होतं की जो बोलेल त्याला इंग्रज आधी खातात.

ब्राझीलचे साहेब म्हणाले, "कागद तर बरोबर दिसतात."

इंग्रज साहेब म्हणाले, "आपल्याबद्दल पूर्ण आदर राखून सांगतो, मला ते खोटे दिसतात."

"मग चिठ्ठी. आपण उचला."

"छे, छे, आपण."

मी टोपी काढून पुढे धरली. तेवढ्यात मामी पातेलं घेऊन आत आली. तिनं त्या बाईकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. पातेलं थेट साहेबांच्या कागदांवर ठेवलं.

"ही कोण म्हणालात?"

"स्वयंपाकीण," मी म्हणालो.

"ही? स्वयंपाकीण?" आणि मग मामी आमच्या मुलखाच्या, आकू भाषेत सुरू झाली. "हिनं कुटलेल्या याम-कंदाचा गोळा भिंतीवर मारला तर भिंत पडेल! हिच्या हातचं खाऊन माझा सासरा आठवडाभर झोपून होता!"

मुकी बाई ताडकन वळली. "तुझा सासरा ताडी पिऊन झोपला होता, चेटकिणी! आणि माझी घागर फोडलीस ती आधी भरून दे!"

कप्तान खाली बसला.

"त्या घागरीपायी तर नदीवर पाठवलंस मला!" मामी किंचाळली. "तिथूनच धरून नेलं मला, थोरले! तूच पाठवलंस!"

अवेरोचा आवाज एकदम खाली आला. "नदीकाठ सगळा पालथा घातला गं मी. तुझ्या नावानं ओरडून घसा बसला. लोक म्हणाले, हिला वेड लागलं."

पदर नव्हता, म्हणून डोक्याचा रुमाल काढून मामीनं त्यात तोंड खुपसलं.

मग आतूनच, "आणि तो? आपला नवरा?"

"मेला. त्याआधी तिसरी आणून ठेवली."

"तिसरी!" मामीचं तोंड रुमालातून बाहेर आलं. "कशी होती?"

"आळशी."

दोघी एकमेकींकडे पाहून खदखदून हसल्या. मी त्यांच्याच बोलीचा असल्यानं दुभाष्याच्याही आधी हसलो, आणि साहेबांनी मला दटावलं. कुणालाच कुणी खाल्लं नाही हे पाहून बाकीची माणसंही आपापली गावं, आपापल्या आया सांगू लागली.

ब्राझीलच्या साहेबांनी सगळं भाषांतर शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "बाहियात जन्मलेली मुकी बाई आफ्रिकेतल्या सवतीशी इतकं भांडू शकत नाही. आपल्याशी माझं एकमत आहे." आणि वाढायची खूण केली.

अवेरो सुटली आणि सरळ मामीच्या घरी राहायला गेली. घराची थोरली आपणच, असं तिनं पहिल्या संध्याकाळपासून धरलं. सुताराला ती खोली झाडायला लावी. रविवारी पाद्र्यानं विचारलं, "प्रॅट, ही कोण?"

प्रॅट बोटं मोजत म्हणाला, "साहेब, ही माझ्या बायकोच्या आधीच्या नवऱ्याची आधीची बायको."

पाद्री बाकावर बसला. "आणि ती तुझ्या घरात कशी?"

"तिला विचारायचं धाडस अजून कुणी केलेलं नाही, साहेब."

पुढे दोघींनी बाजारात अकारा, म्हणजे चवळीची भजी, तळायला बसायचं ठरवलं. मामी तळायची, अवेरो फक्त विकायची. त्या अटीवरच भागीदारी झाली होती.