साहेबांच्या खाणीचा इतिहास

“खुर्चीवर पेपर टाक आणि मग बस,” बाईसाहेब म्हणाल्या. माझं आडनाव नुकतंच विचारून झालं होतं. मी पेपर टाकला. बसले.

बडोद्यातल्या हरणी भागातल्या त्या बंगल्यात मी मराठी टायपिंगला जायची. साहेब विदर्भातल्या एका कोळसा खाणीचे मॅनेजर होते. निवृत्त होऊन बडोद्याला परतले. पुढे खाण बंद पडली, आणि साहेब तिचा इतिहास लिहायला बसले. ते सांगायचे, मी टाइप करायची.

त्याच खाणीत माझा बाप कोळसा भरायचा. तिथंच मेला. हे मी सांगितलं नव्हतं. तो कसा मेला, ते मला साहेबांच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणूनच हे काम धरलं होतं.

सातव्या दिवशी ऐकलं.

“छत कोसळून चार कामगार दगावले. कारण, त्यांचाच निष्काळजीपणा. दारू पिऊन उतरायची ती माणसं.”

माझी बोटं थांबली.

“काय झालं? लिही.”

“माझा बाप त्या चौघांत होता, साहेब. तो दारू पीत नव्हता.”

मी शंकरकाकांना फोन लावला. बापाचे जोडीदार. त्याच दिवशी त्यांचा पाय गेला. स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला.

“काका, त्या दिवशी काय झालं?”

“किती खेप सांगू, माय? छत करकरत होतं. टेकू वाकले होते. आमी वर येऊन सांगतलं, आज उतरत नाई. मॅनेजर म्हणे, ‘जीव एवढा प्यारा हाये, तर महारवाड्यात जाऊन बसा. उद्यापासून काम बंद.’ मंग उतरलो.”

साहेबांनी हात लांबवून फोन बंद केला. “तू टायपिस्ट आहेस. इतिहास मी लिहितोय.”

“विश्वासानं घरात घेतलं हिला,” बाईसाहेब दारातून म्हणाल्या.

मी उठले. “ते दारूचं वाक्य स्वतःच्या हातानं टाइप करा, साहेब.”

तेव्हापासून मी एकेकाला गाठते आहे. बाकीच्या तिघांच्या बायका. दम्यानं खंगलेले लोडर. ते बोलतात, मी टाइप करते. साहेबांचं पूर्ण नाव, हुद्दा, त्या दिवशीचे शब्द. सगळं छापणार.

साहेबांच्या पुस्तकाचं प्रकाशन बडोद्यातच होणार आहे. पाहुणे येतील, शाली पडतील. शंकरकाकांना घेऊन मीही जाणार. काका कुबडीवर उभे राहतील आणि सगळ्यांसमोर बोलतील. साहेबांची मान खाली जाताना मला बघायची आहे.

आई म्हणते, “सोड आता. म्हातारा झालाय तो.”

नाही सोडणार. माझ्या बापाला म्हातारं होता आलं नाही.