आठ पॉइंट राहिले बाजूला

मंडळी, लोणावळ्यात टॅक्सी चालवतो मी. थंडी सुरू झाली की आठ पॉइंटची यादी मला झोपेतही म्हणता येते.

आज सकाळी मुंबईचे आजी-आजोबा गाडीत बसले. मी यादी सुरू केली, तर आजींनी मध्येच थांबवलं. "पॉइंट नकोत हो. यांना नुसतं उन्हात बसवायचंय. आमच्या खिडकीसमोर टॉवर झाला, तेव्हापासून घरात ऊनच येत नाही."

आली का पंचाईत! पॉइंटवर तर वारा असा, की धडधाकट माणूस कुडकुडेल. शेवटी गाडी सरळ मळवलीजवळ आमच्या घरी नेली.

आई अंगणात नवं भात पाखडत होती. तिने काही न विचारता खुर्ची टाकली. "बसा आबा. हितं लय चांगलं ऊन येतं."

आजोबांनी स्वेटरची बटणं काढली आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. मला दुपारी दुसरं भाडं होतं. उठवायला गेलो, तर आई खेकसली, "झोपू दे की! तुला कसली घाई?"

दुसरं भाडं मित्राला दिलं. सावली आली तशी मी आणि आईने आजोबांना खुर्चीसकट अलगद उचलून उन्हात ठेवलं. दोनदा! तरी जाग नाही.

आजी हळूच म्हणाल्या, "ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा गोळीशिवाय झोपलेत."

त्यांना सोडून घरी आलो. खुर्ची उचलायला लागलो, तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे तितंच. सकाळी तू बस."

उद्या गाडी बंद. तुम्ही ऊन खात शेवटचं कधी बसला होतात?