या, जेवायला

आमच्या क्वीन्सटाउनच्या ऑफिसात घानाहून महिनाभर ट्रेनिंगला आलेला एक गृहस्थ पॅन्ट्रीत माझ्यासमोर बसायचा. डबा उघडला की तो आधी माझ्याकडे सरकवायचा आणि म्हणायचा, "या, जेवायला." इंग्रजीतच, पण अगदी आपल्यासारखं. मग चमचा पुसत थांबायचा. मीटर बघायला आलेल्यालाही जेवायचा आग्रह करणाऱ्या घरातला मी. पण रोज "नो, थँक्स" म्हणून माझी भरली वांगी पुढ्यात ओढायचो.

एकदा मी फुशारकीनं सांगितलं, "मी तुमच्या अक्रामध्ये तीन वर्षं होतो!"

त्याचा चेहरा उजळला. "मग जेवलात कोणाकडे?"

जेवलो होतो क्लबात, नाहीतर भारतीय हॉटेलात. आमचा तिथला वॉचमन रोज दुपारी फाटकापाशी जेवायला बसला की मला असंच बोलवायचा. मी गाडीतूनच हात हलवून निघून जायचो.

"आमच्या वॉचमनकडे," मी ठोकून दिलं.

"वा! काय नाव त्याचं?"

तीन वर्षांत मी ते विचारलंच नव्हतं. मी खाली वांग्यांकडे बघत राहिलो. काय ते त्याला कळलं असावं. माझ्याकडे सरकवलेला डबा मात्र त्यानं मागे घेतला नाही.