बारा ओळींचं पत्र

नाटक कंपनीत तिला सगळे कुजबूज मावशी म्हणत. विंगेत स्टुलावर बसायचं, नाटकाची वही मांडीवर घ्यायची आणि नट अडला की पुढचा शब्द हळूच पुरवायचा, हे तिचं काम. एकोणीस वर्षं ती एकच जुनं, गाजलेलं नाटक सांभाळत होती. सगळ्यांची वाक्यं तिला पाठ होती, पण त्यातल्या माणसांची मनं काही तिला उलगडली नव्हती.

तिसऱ्या अंकात नायिकेचं पत्र येतं. माझं प्रेम नव्हतंच, मला फक्त तुमच्या घरातला मान हवा होता, असं ती लिहिते. नायक ते मित्रासमोर मोठ्यानं वाचतो, फाडतो आणि निघून जातो. चौथ्या अंकात कळतं, की त्याची वाट मोकळी करायला ती धडधडीत खोटं बोलली होती. पत्र दर प्रयोगाला फाटायचं, म्हणून मावशी दर प्रयोगाला नवं लिहायची. कुणी म्हणालं, छापूनच घेऊ, की नायकाचं काम करणारा नट हटून बसायचा. "मला ते पाठ होत नाही. बाईंच्या अक्षरातलंच वाचता येतं."

आता हा गडी बाकीचं अख्खं नाटक झोपेतही म्हणेल, आणि बारा ओळी याला पाठ होऊ नयेत? पन्नाशी उलटलेला, विधुर, केस रंगवणारा. पण डोकं तल्लख. मावशीला काही चैन पडेना. एकदा प्रयोगाआधी तिनं आडून विचारलं, "पत्र खोटं आहे हे नायकाला कळत नाही का हो?"

"कळतं की. पण का लिहिलंस, हे विचारायचं धाडस होत नाही. म्हणून फाडतो." एवढं बोलून तो मिशी चिकटवायला गेला.

त्यातच परगावच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "तुझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीय, ताई. एकटी किती दिवस राहणार? रविवारपर्यंत काय ते सांग." मावशीला धाकधूक लागली. एका माणसाच्या सबबीवर आपण उगाच आस लावून बसलोय की काय? जायचंच तर आधी खरं कळायला हवं होतं.

शनिवारी दुपारच्या प्रयोगाला तिनं कोरा कागद घडी घालून ठेवला. अडलाच तर आपण आहोतच, अशी मनाची समजूत घातली.

त्यानं घडी उलगडली. क्षणभर थांबला. मावशीचं बोट वहीतल्या ओळीवर टेकलं. आणि तो बोलू लागला: बाराच्या बारा ओळी, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मावशीच्या डोळ्यांना धार लागली. पण पुढे तो कागद फाडेचना.

"फाडा," ती कुजबुजली. मग जरा मोठ्यानं, "अहो, फाडा!" पहिली रांग खुदकन हसली. त्यानं कागद खिशात ठेवला आणि सरळ विंगेत आला. मागे मित्राचं काम करणारा बिचारा म्हणतच राहिला, "फाडलंस? शेवटी फाडलंस?"

"चांगलीच परीक्षा घेतलीत, बाई."

"पाठ होतं, तर एकोणीस वर्षं मला का लिहायला लावलंत?"

"आणि तुम्हाला शंका होती, तर तुम्ही का लिहीत राहिलात?"

मावशीला पुढचं वाक्य सुचेना, आणि तिला पुरवणारं कुणी नव्हतं. त्यानं तो कागद तिच्या वहीवर ठेवला. "लिहिलेलं असतं तर फाडलं असतं. यावर आता तुमच्या मनातलं लिहा." चौथ्या अंकाची घंटा झाली, तसा तो गेला.

रविवारी बहिणीचा फोन आला तेव्हा मावशी टेबलाशी बसली होती. बाजूला खोडलेले चार कागद होते आणि समोर तो कोरा.

"मग कधी येतेस, ताई?"

"नाही येत गं."

"त्या नाटकासाठी?"

"नाही," मावशी म्हणाली. "माणसासाठी."